धरून दवर

रात्री कुणीतरी आत येऊन गेलं.
कुलूप शाबूत, खिडकीच्या काचा शाबूत,
टेबलावरचे सतरा रुपये आणि अर्धं सुपारीचं खांड
जिथल्या तिथं.
सकाळी पावती छापायला घेतली तेव्हा कळलं:
पुनो नायकाच्या शेताचं नाव
पाच रिकाम्या चौकोनांत उमटलं होतं,
लावणी राहून गेलेल्या वाफ्यांसारखं.

पुनोनं कागद उजेडात धरला, उलटा केला.
"बाय, हांगा म्हजें शेत खंय आसा?"

कुंभारजुव्याच्या खाजणातली दोनशे चार नावं
आमच्या कुळसंघटनेच्या या एका संगणकात राहतात.
कुर्ल्यांकोनो. धाकलें शेत. विठूची पट्टी. पोंयकांठ.
सातबाऱ्यावर नुसते आकडे असतात,
पण बांध फुटला की कुणी आकडा ओरडत नाही.

कायतान आला दुपारी, दिवाडीहून, एक फेरीबोट चुकवून.
हेल्मेट मॉनिटरवर ठेवून त्यानं पडदा वाचला,
डॉक्टर जुनी फाईल वाचतो तसा.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
एकशे एकतीस पॅकेजेस आपोआप अद्ययावत झाली होती.
कुणी सांगितलं होतं?
कुणीच नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, एवढंच.

जुनी आवृत्ती अजून यंत्राच्या पोटात होती,
फेकायची राहून गेलेली.
ती ओढून काढताना दुसरी तीन कुरकुरली,
तीही मागे आणावी लागली.
चहा निवला. प्रिंटर खरखरला.
कुर्ल्यांकोनो, अनुस्वारासकट.

मग त्यानं एक ओळ लिहिली, एंटर दाबलं,
आणि म्हणाला, "हें धरून दवरलां."
कधीपर्यंत?
"तूं सोडीसर."

माझे बाबा मानशीवर होते.
लोकांना वाटायचं ते दारं उघडतात, बंद करतात.
दारं तर पाणीच लावायचं:
भरती बाहेरून लोटायची, फळ्या मिटायच्या,
ओहोटीला आतलं पाणी त्या उघडून निघून जायचं.
बाबांचं काम फांद्या काढायचं,
कुजलेली फळी बोटानं दाबून ओळखायचं,
आणि कंदील घेऊन बसायचं,
कारण पाण्याला कुणाचं शेत ते ठाऊक नसतं.

पण कापणी झाली की एखाद्या वर्षी
ते स्वतःच दार वर बांधून ठेवत.
एक भरती आत. मोजून एक.
खारं पाणी तण मारून जाई.
आई चिडायची: वर्षभर ज्याला अडवलं, त्यालाच बोलावता?
बाबा बिडी पेटवायचे.

आता दर सोमवारी पडदा सांगतो:
सात पॅकेजेस रोखून धरलेली आहेत.
सूर तक्रारीचा नसतो, पण मला तसा ऐकू येतो.
पावसाळ्यात बँकेचं पान उघडेना,
आमचा ब्राउझर म्हातारा झाला म्हणे.
मी पुनोच्या बाकड्यावर बसून विचार केला
आणि चार सोडली.
सुरक्षेची येतील ती येऊ देत, दिवसा, माझ्यासमोर,
आधी दोनशे चार नावांची प्रत पेन ड्राईव्हवर घेऊन.

तीन अजून धरलेली आहेत.
एक अक्षरांचं. एक प्रिंटरचं.
तिसरं काय करतं ते मला माहीत नाही.
कायतानला विचारलं, त्यानं डोकं खाजवलं.
त्याची नोंद कॅलेंडरमागे आहे, त्याच्याच अक्षरात,
आणि पुढे दोनदा अधोरेखित: हात लावचो न्हय.

मानशीतही एक फळी होती, आडवी, काळी,
कशाला लागत नव्हती, काही अडवत नव्हती.
नवा ठेकेदार ती काढू म्हणाला
तेव्हा बाबा उठून तिच्यावर जाऊन बसले,
आणि जेवायलासुद्धा आले नाहीत.

पुनो पावती घेतो, न वाचता चौघडी घालतो,
खिशात ठेवतो.
पडदा विचारतो: पुढे जायचं?
मी नाही दाबते.