तिसऱ्या कडव्यात

तिसऱ्या कडव्यात मी मरते.
तापाने, डिसेंबरात, डॉक्टर पुलापलीकडे अडकलेला असताना.
व्हर्लीनने ते गाणं रचलं तेव्हा
मी शर्टांच्या कारखान्यात होते,
दिवसाला दोनशे चाळीस कॉलर,
आणि मला साधं पडसंही नव्हतं.

केंटकीतल्या आमच्या घळीत
ऊन अकराला उतरायचं, तीनला उठून जायचं,
चहाही न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.
आमच्या चर्चमध्ये वाद्यांना मज्जाव.
म्हातारा एल्डर कोम्ब्स एक ओळ सांगायचा,
मग सगळे मिळून ती ओढत न्यायचे,
दोघींनी टोकं धरून ओली चादर पिळावी तशी.
तिथंच शिकलो. ती वरचा सूर, मी खालचा.
खालच्या सुराकडे कुणाचं लक्ष नसतं.
काढून घेतला की मात्र विचारतात,
काय बिघडलं?

बाबा खाणीतून यायचे ते फक्त पापण्यांच्या आत गोरे.
गिटार त्यांनी पत्त्यांत जिंकली
आणि आईला सांगितलं, सापडली.

सतराव्या वर्षी ती डब प्रुइटच्या गाडीत बसली.
जागा एकीपुरतीच होती, मागे अँप्लिफायर ठेवला होता,
असं ती मुलाखतीत सांगते.
तो मीच उचलून ठेवला होता.
मांडीवर मावला असता.

नॅशव्हिलने तिचं आडनाव छाटलं,
दात सरळ केले,
केस असे उंच रचले की गाडीत बसताना तिला नमस्कार करावा लागे.
रेकॉर्डवर माझा सूर कुणी पगारी बाई गायली.
चांगली गायली. जरा जास्तच चांगली.
आमच्यात मी श्वास घ्यायला जिथं थांबायचे
तिथं ती थांबतच नव्हती.

आणि मग ते गाणं.
ट्रकवाले घाटात गाडी बाजूला घेऊन रडले म्हणे.
किराणा दुकानात मिसेस स्लोननं माझा हात धरला,
माझ्याच जाण्याबद्दल मला सांत्वन,
मग दचकून अंडी मोजायला लागली.
व्हर्लीनचं पत्र आलं:
"ओनेडा, रागावू नकोस.
यमकात तू मेलेलीच बसत होतीस."
सोबत चेक. मी छप्पर बदललं.

लोक थडगं शोधत यायचे, प्लॅस्टिकची फुलं घेऊन.
मी त्यांना बझर कुत्र्याला पुरलेली जागा दाखवायचे,
वर कॉफी द्यायचे.
एकदा ओहायोची एक बाई तिथं गुडघे टेकून
इतकी रडली, इतकी रडली.
तिची बहीण खरोखर गेली होती.
त्यानंतर मी कुत्रा दाखवणं बंद केलं.

तीन नवरे, दोन बस,
जत्रांमधले तंबू, मग कसिनोतल्या दुपारच्या खेळांना
जेवणाच्या कूपनवर आलेले म्हातारे.
मग घशावर शस्त्रक्रिया.
गेल्या ऑक्टोबरात बस ओढ्याकाठी उभी राहिली ती राहिलीच.
टपावर आता अक्रोडाची पानं कुजताहेत,
बाजूवर तिचा चेहरा, पस्तिशीतला,
दारामुळे मधोमध दुभंगलेला.

काल रात्री स्वयंपाकघरात तिनं गिटार लावली.
वरचा सूर तिला उरलेला नाही.
ती खालचा धरून बसली,
माझ्याकडे न बघता.
म्हणून वरचा मी घेतला. एकाहत्तराव्या वर्षी,
बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा.
ती श्वास घ्यायला थांबली
जिथं मी थांबायचे तिथंच.

तिसऱ्या कडव्याशी ती अडली.
आठवेना की म्हणवेना, मी विचारलं नाही.
मीच म्हटलं:
ताप, डिसेंबर, पूल,
माझं मरण, तालात, एकही शब्द न गाळता.

तिनं नाक पुसलं. म्हणाली,
"पुलाची ओळ मला कधीच आवडली नाही."
मी म्हटलं, मलाही नाही,
आणि उठले,
घेवडा करपत होता.