दात आत

मोटर गुणगुणत होती, ड्रम ढिम्म.
आत तुमच्या दोन चादरी आणि लेंगा
कालच्या भातासारखे तळाशी बसलेले.
कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली,
ड्रायरचं ते मॉडेल बंद झालं मॅडम, नवीन घ्या ना.
मी बरं म्हणाले. बरं म्हणायला काय जातं.

बाराव्या मजल्यावर दोरी बांधायची नाही.
सोसायटीचा ठराव, लिफ्टमध्ये चिकटवलेला:
बाहेरून कपडे दिसता कामा नयेत.
जुन्या बिल्डिंगीत छताला चार दांड्या होत्या,
काठीच्या टोकानं नऊवारी वर चढवायची
माझी एक पद्धत होती.
ती काठी टेम्पोत चढली होती,
उतरली की नाही आठवत नाही.

तुमची पेटी उघडली
तेव्हा खुर्चीत जरा सरळ झालात.
"सोमवार," म्हणालात.
झटका आल्यापासून सगळ्याचं नाव सोमवार.
चहा सोमवार, गोळी सोमवार,
पुण्याहून आलेली लेक, तीही सोमवार.
चैत्राली, ती बोलायला शिकवणारी, बजावून गेलीय:
शब्द पुरवू नका त्यांना. थांबा.
मी थांबते.
चौतीस वर्षं तुम्ही कधी थांबला नाहीत
माझं वाक्य संपेपर्यंत. ते असो.

"सोमवार!" बोट भिंतीकडे.
प्लग.
प्लग काढायचाच राहिला होता.

झाकणाखाली करड्या कापसाचा थर,
टॉवेलांचा, माझ्या गाउनांचा,
तुमच्या निळ्या डेपोच्या शर्टाचाही असेल थोडा.
एक रुपया. ब्लाउजचा हूक.
आणि खाली पट्टा,
वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा,
कडेनं उसवत उसवत एका जागी संपलेला.

पिशवीत घालून नागदेवी स्ट्रीटला नेला.
हकीमुद्दीनभाईंनी काउंटरवर ताणला, दात मोजले,
थुंकी लावून नंबर वाचून बघितला.
"कितना चला?"
"नऊ वर्षं."
"अच्छा चला," म्हणाले,
कुणाच्या दहाव्याला म्हणावं तसं,
आणि माळ्यावरच्या पोऱ्यानं नवा खाली फेकला.
तीनशे चाळीस. बिल नको तर तीनशे.
मी बिल घेतलं.

ड्रम उचलायला मांडी लावली,
पट्टा वरून फिरवून घातला,
तर तुमची मान नाही, नाही, नाही.
मग उजव्या हाताच्या बोटानं
स्वतःच्या पुढच्या दातांवर टकटक केलंत
आणि मूठ छातीशी ओढलीत.
मी बघत राहिले. दात दुखतात?
पुन्हा टकटक. पुन्हा छाती.
दात आत!
उलटा घातला होता मी.

पुढचं अवघड होतं.
खाली एक छोटं चाक, त्याला स्प्रिंग,
त्याच्यापुढे मोटरचा दांडा,
पट्टा कुठून कुठे, काही केल्या कळेना.
तुम्ही लेंग्याची नाडी सोडलीत,
गुडघ्यावर अंगठा उभा केलात, त्याच्याशेजारी कडक डावं बोट,
आणि एका हातानं, तीनदा चुकून,
नाडी वळवून दाखवलीत:
याच्या खालून. त्याच्यावरून. असा वळसा.
एकतीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली
उताणे पडून काय करत होतात
ते मी कधी विचारलं नव्हतं.
डबा धुताना ग्रीसचा वास यायचा एवढंच.

आधी हातानं फिरवलं. गेलं.
मग प्लग.
थोडी जळकी धूळ, एक कुरकुर,
आणि चादरी उठल्या,
पडल्या, पुन्हा उठल्या.

जुन्या पट्ट्यानं रद्दी बांधली.
तुमची नाडी बांधायला खाली बसले
तेव्हा माझ्या डोक्यावरचा कापूस झटकलात
आणि म्हणालात, "सोमवार."

आज गुरुवार.
चहाच हवा असणार, वेळ झालीच होती.
तरी मी थांबले.