ठासणीची

सात वीजबिलं, पाठकोरी, डिंकानं जोडलेली,
त्यांवर पेन्सिलीनं काढलेली एक बंदूक.
लांब. ठासणीची. घोडा वर उचललेला.
खरवंडीकर बाईंनी ती माझ्या बाकावर उलगडली
आणि चारी कोपऱ्यांवर माझ्याच कानशी ठेवल्या.
"अशीच. यातलं काही सोडायचं नाही."
"साहेबांनी पाहिली होती कुठे?"
"ते रास्ता पेठेत बिलं तपासायचे.
दिवाळीत कानात कापूस घालायचे."

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या नकाशावर लोखंड घासलं.
सुताचा फरक पडला की माल परत.
ह्या नकाशाला मापच नव्हतं.
बंदूक सदऱ्यासारखी बेततात, बाई,
गालफड बघून, खांदा बघून, हात बघून.
दुसऱ्या दिवशी त्या कोट घेऊन आल्या,
करडा, कोपरांवर झिजून चकाकणारा.
बाही मोजली. मनगटापुढचं काय?
त्यांनी आपला पंजा हवेत धरला,
कुणाच्या तरी पंजाला लावावा तसा,
आणि म्हणाल्या, "इथून पुढे एक पेर."

अक्रोडाची फळी भवानी पेठेत मिळाली,
मोडीत निघालेल्या एका बँकेचं काउंटर.
वरून काळीकुट्ट, शाईच्या डागांची.
पटाशी फिरली तसा आतून
दुसऱ्या चहाचा रंग निघाला.

नळीचं निराळंच.
जन्मभर गंजाशी भांडलो. ग्रीस, फडकं, पुन्हा ग्रीस.
इथं त्याला बोलवायचं.
मिठाचं पाणी लावून वाट बघायची,
आला की खरवडायचा, पुन्हा बोलवायचा.
एप्रिलच्या पुण्यात तो काही येईना.
शेवटी न्हाणीघरात टांगली नळी,
खाली कढत पाण्याची बादली.
नऊ दिवस मेहरून शेजारणीकडे अंघोळीला गेली
आणि नऊ दिवस मी ऐकून घेतलं.
दहाव्या दिवशी नळी खजुराच्या सालीची.
मेहरूननं एक बोट फिरवलं टोकापर्यंत,
पदराला पुसलं, आणि चहा ठेवला.

दस्त्यावर वेल होता. मी द्राक्षाचा समजलो.
"छे, गोकर्ण. गॅलरीत असायचा."
मग दापोडीला रेल्वेच्या कुंपणापाशी उकिडवं बसून
पाहिलं, शेंडा कसा हवेत चाचपडतो,
गज सापडला तर वेढा,
नाही सापडला तर स्वतःलाच वेढा.
चांदीची तार, चिरेत बसवून हळूहळू ठोकलेली.
वरून ओलं फडकं. लाकूड पाणी पितं,
फुगतं, आणि तिला धरून ठेवतं.
एक पाकळी वाकडी गेली. राहू दिली.
चित्रातही तिथंच खोडरबराचा डाग होता.

दस्त्याच्या कुशीत पितळी झाकणाची डबी,
तेलाच्या चिंध्या ठेवायची.
कोटाच्या आतल्या खिशात तिकीट सापडलं होतं,
मनपा ते भोसरी, आकडे उडालेले.
ते डबीत ठेवून झाकण लावलं.

राहिला कान.
नळीच्या बुडाचं ते बारीक भोक,
रंजकीची आग जिथून आत शिरते.
त्याच्याविना बंदूक म्हणजे काठी.
चित्रात सगळं होतं. माशी, गज, गजाच्या कड्या,
स्क्रूंच्या डोक्यांवरच्या रेघासुद्धा.
कान नव्हता.
भिंग लावलं, बिल उजेडावर धरलं,
पलीकडची थकबाकी तेवढी दिसली.
विसरणाऱ्याचा हात नव्हता तो.
ड्रिलला लावलेली सुई काढली,
तेल पुसून जागेवर ठेवली.

बाई न्यायला आल्या तेव्हा
खांद्याला लावून बघितली नाही त्यांनी.
अंगठ्यानं डबी उघडली, मिटली.
"ताईंकडचं," एवढंच.
मग कोटात गुंडाळली, तरी माशी बाहेर,
रिक्षातून तर हातभर बाहेर.
रिक्षावाला वळून म्हणाला, "पडद्याचा रॉड का, मावशी?"
"हो," बाई म्हणाल्या. "खड्डे बघून चालवा."