उत्तरेकडचा उतार

शिवरात्रीच्या आदल्या दुपारी, जालन्यात, नव्या मोंढ्यात,
बोथरांच्या गोडाऊनमध्ये आम्ही सातजण
बियाण्याच्या पोत्यांवर बसलो,
मधे ताडपत्रीवर नकाशा.
कंपनीचं पत्र आलेलं: टार्गेट झालं, अभिनंदन.
चार रात्री, आल्प्स, मार्चअखेर.
गाव तुमचं तुम्ही ठरवा, शनिवारपर्यंत कळवा.

गाव ठरवा म्हणे.
पोरीला स्थळ बघतानासुद्धा
आम्ही आधी पाण्याचं विचारतो.
इथं तर डोंगरभर पाणी,
कुणी न अडवता थांबलेलं.

नकाशावर रेघा. निळ्या सोप्या, तांबड्या जपून,
काळ्या ज्यांना येतं त्यांनाच.
मन्मथअप्पा हसले. "काळीत जन्म गेला आपला.
पण आपली काळी पाय धरून ठेवती,
ही सोडून देती."
अप्पांच्या उजव्या गुडघ्यात स्टीलची वाटी आहे.
ते तिला जालन्याचीच म्हणतात.

पारस बोथरांचं आधीच ठरलेलं:
मोठं गाव, तीनशे किलोमीटर घसरवाटा,
आणि एका हॉटेलात कांदालसणाशिवाय स्वयंपाक.
"तीनशे?" राजरत्न खरात म्हणाला,
"म्हणजे इथून पुण्याला घसरत जायचं का?
चार दिवसांत? एक तर बूट घालण्यातच जाईल."
शिवाय विमानतळापासून पाच तास बस, सगळा घाट,
आणि हरिदास नागरेला
अंबडच्या बसमध्येसुद्धा पुढची सीट लागते.

दुसरं गाव लहान. रेल्वे दारात,
एकच पाळणा, नवशिक्यांचं मैदान त्याच्या टोकाला.
पण उंची कमी.
मार्चअखेर बर्फ राहील का?
माहितीपत्रक म्हणतं, बहुधा.
बहुधा हा शब्द
आम्ही दर जूनला ऐकतो.

तेव्हा खलील देशमुख बोलले,
तोवर नुसते सुपारी कातरत होते.
कदीम जालन्यात त्यांच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता.
"उंची राहू द्या. उताराचं तोंड कुठं?
अब्बांनी दार उत्तरेला काढलं होतं.
दक्षिणेच्या भिंतीची लादी
दुपारपर्यंत तांब्याएवढी व्हायची.
उत्तरेची मगरिबपर्यंत तशीच,
भुशात, हूं की चूं न करता."
त्यांनी नकाशा फिरवला.
नकाशाबरोबर आम्हीही पोत्यांवरून फिरलो.
लहान गावाचा उतार उत्तरेकडं बघत होता.

मग मापट्यात मतदान.
बोथरांच्या गावाला सरकी, दुसऱ्याला तूर.
तीन सरकी. तीन तूर.
सातवा दाणा माझ्या मुठीत घामेजलेला.

मी परतूरची. सातांत एकटी बाई;
अभिनंदनाच्या पत्रावर माझ्या नावामागं
श्री छापलंय.
सोळाव्या वर्षी रोजगार हमीवर बांध घातलेत मी.
उतार दिसला की आडवं जायचं,
एवढंच शिकवलेलं.
पाणी पळता कामा नये,
माती पळता कामा नये,
पोरगी पळता कामा नये.
आणि आता पन्नाशीत
कुणीतरी स्वतःच्या खर्चानं सांगतंय,
सरळ खाली या.

माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात होतं:
पहिल्या दिवशी फक्त
पडायचं कसं ते शिकवलं जाईल.
हे मोठ्या गावाच्या कागदात नव्हतं.
मी तूर टाकली.

बोथरा जरा रुसले, तरी चहा त्यांनीच सांगितला.
सात कप, त्यातला एक बिनसाखरेचा.
अप्पांनी विचारलं, "ताई, थंडी सोसंल का?"
इथली तर उद्या शिव शिव म्हणत जाणारच होती.

गोडाऊनच्या दाराशी
हमालांसाठी फरशीचा उतार केलाय.
एरवी मी कडेकडेनं, भिंत धरून उतरते.
त्या दिवशी मधून उतरले.
चप्पल जराशी सरकली.