सहा सुपाऱ्या

केप्याच्या कॉलेजात प्रतिकृतींची पेटी आली तेव्हाच
तिच्यात गोळे कमी होते.
म्हणून फोंडूने घरून सुपाऱ्या आणल्या,
सालासकट, अजून ओलसर,
आणि माडाच्या हिराचे सहा तुकडे, एका मापाचे.
मधे कच्चा चिकू.
हा कोबाल्ट, मी म्हणालो. मुली हसल्या.

चार हीर आडवे, तिठ्यावर चौथी वाट फुटावी तसे,
एक वर, एक खाली.
प्रत्येकीच्या समोर कुणीतरी उभी,
शेजारणीशी नव्वद अंश राखून.
टोकं सहा, फलक आठ. मोजा.
इनासिनने ते हातात घेऊन मोजले, सातावर अडकली.
आठवा तिच्या तळहाताखाली होता.

नळीत गुलाबी: पाण्याचे सहा रेणू धरून बसलेला कोबाल्ट.
आम्ल ओतलं थेंबथेंब,
आधी जांभळट, मग एकदम निळा.
क्लोराइड अंगाने जाड, सहा मावत नाहीत.
फोंडूने सगळे हीर उपसले, चारच परत खोचले, तिरपे.
इथे कुणाच्या समोर कुणी नाही.
एकशे नऊ अंश आणि वर अर्धा:
चौघांना एका घरात
एकमेकांपासून जेवढं लांब राहता येतं, तेवढं.

बर्फात धरली नळी. गुलाबी परत आला.
(कपाटातली सिलिकाची पुडी तर कायमचीच गुलाबी,
कुशावतीवरून येणाऱ्या हवेला
कोरडं म्हणजे काय ते ठाऊक नाही.)

मोरचूद फोंडूला माझ्याआधीपासून माहीत,
कुळागरात चुन्यात कालवून सुपारीवर मारतो तो.
त्यातल्या तांब्याचेही सहा, पण सारखे नाहीत,
चार जवळ, वरचा आणि खालचा हातभर दूर.
त्याने दोन हीर थोडे बाहेर ओढले.
का रे लांब हे दोघे, त्याने मलाच विचारलं.
मी सांगितलं: नऊ इलेक्ट्रॉन,
सारख्या दोन जागा, आणि भरायला तीनच,
तेव्हा सारखेपणा टिकत नाही, आकार ताणला जातो.
तो हीर बोटाने हलवून पाहत होता.
"पूण सुटूंक नात न्हय?"
नाही, सुटलेले नाहीत.
त्याचे दोघे बोटीवर असतात.
एक बहरीनकडे, दुसरा कुठे ते दर आठवड्याला बदलतं.

सोमवारी पाहिलं तर चिकू पिकला होता,
हीर कललेले, नव्वदाचे सत्तर झालेले,
टेबलावर मुंग्यांची रांग.
सुपाऱ्या फोंडूने मोजून घरी नेल्या.
पाचच भरल्या.