आधी पाणी, मग खडू

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर
रात्रीचे पावणेतीन.
टेबलावर तळहाताएवढा बोर्ड.
लिफ्टच्या पॅनेलमध्ये बसायचाय त्याला,
आणि हा जागा होता होता
कूस बदलून पुन्हा झोपतो.

जागं होणं ही गर्दीची वेळ.
मेन अजून आलेलं नसतं.
मॅलॉक नाही, प्रिंटएफ नाही,
चुकलं तर ओरडायला तोंडसुद्धा नाही.
तरी टायमरला चोवीस बाइट हवेतच,
सिरियल पोर्टला चौसष्ट,
दरवाजाच्या सेन्सरला तेरा
(तेराच का, ते लिहिणारा नोकरी सोडून गेला).
मागायचं कोणाकडे?

म्हणून मी लिहिलेलं एक, सात ओळींचं.
चार किलोबाइटची पट्टी, पट्टीवर एक बोट.
कोणी मागितलं की बोटाखालची जागा त्याची,
बोट पुढे,
आठच्या पाढ्यात बसेल इतकं पुढे.
परत घेणं नाही. कोणाला किती, याची वही नाही.
पट्टी संपली की हात वर.
आणि बोट शून्यावर दिसलं
तर समजायचं, अजून कोणीच आलेलं नाही,
पट्टीच्या टोकापासून सुरू.

बारोट हसला होता वाचून:
अरे, हा तर भीखाभाईचा खडू!

पाच वाजता स्कूटर काढली आणि
खंडेराव मार्केटला चहाला गेले.
मागच्या फुटपाथवर भीखाभाई वाकून रेघा मारत होता.
पालिकेचा पावतीवाला येतो सातला,
तोवर मार्केट भीखाभाईचं.
जशीबेनला चार फरशा, झेंडू.
तिच्या पुढे कोकिळा, लिली आणि तुळस.
जो येईल त्याला पुढची जागा,
पुढची, पुढची,
मागे वळून बघत नाही तो माणूस,
कंबर दुखते म्हणतो.

तेवढ्यात टँकर आला,
रोज पहाटे चारला येणारा, आज उशिरा,
आणि पाइपवाल्या पोरानं फुटपाथ धुऊन काढला.
बायकांनी टोपल्या उचलल्या, मागे सरल्या.
पाणी ओसरलं तेव्हा
फरशी कोरी, पाटीसारखी.
भीखाभाई खडू आणायला गेलेला,
परत आला, बघितलं: एकही रेघ नाही.
बसला पहिल्या फरशीपासून.
नुकत्या टेम्पोतून उतरलेल्या कुणा रेवाबेनला
दिल्या चार फरशा, गुलाब.

आ तो मारी जग्या छे, जशीबेन म्हणाली.
मारी छे, रेवाबेन.
दोघी खऱ्या.
झेंडूवर गुलाब, गुलाबावर झेंडू,
एक टोपली कलंडली.

माझ्या हातात चहा तसाच.

बोट शून्यात ठेवलेलं होतं मी.
म्हणजे त्या भागात, जो सुरुवातीला
पुसून शून्य केला जातो.
आणि पुसणं लिहिलेलं होतं
टायमरला जागा दिल्यानंतर.
टायमर आपल्या चोवीस बाइटांत बसलेला,
मागून पाणी फिरलं,
बोट विसरलं की आपण कुठवर आलो होतो,
आणि त्याच चोवीसांवर
येऊन बसला सिरियल पोर्ट, चौसष्ट घेऊन.
कोणी खोटं बोललं नव्हतं.

दोन ओळींची अदलाबदल.
अकरा रात्री गेल्या होत्या त्यात, आणि बारोटशी अबोला.

भीखाभाईनं काय केलं ते सांगायचं राहिलं.
काही नाही केलं.
रेवाबेनला शेवटच्या रेघेपुढे नेऊन बसवलं,
पोराला म्हणाला, कालथी वहेलो आवजे.
सातला पावतीवाला आला,
त्याच्याकडे वही, नंबर, रिकाम्या जागांची यादी,
देणं आणि घेणंही.
खडूबद्दल कोणी विचारलं नाही त्याला,
पण जी जिथे बसली होती
ती संध्याकाळपर्यंत तिथेच.

जशीबेन आणि कोकिळाच्या मध्ये
वीतभर फरशी उरते.
तेराचे सोळा करताना उरतात तसे तीन बाइट,
कोणाचे नाहीत, कोणाला मिळणारही नाहीत.
तिथे मी ग्लास ठेवला
आणि किल्ल्या शोधू लागले.