जन्मगाव

म्हापशाच्या सर्व्हे ऑफिसात एकतीस वर्षं साखळी ओढली,
आता हरमलला दोन खोल्या भाड्याने देतो.
परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत सी-फॉर्म.

इताय आला लष्करातून सुटून.
जन्मगाव: याफो.
चार दिवसांनी रीम, दातांची डॉक्टर, पासपोर्ट तसाच निळा.
जन्मगाव: याफा.

मला वाटलं, घाईत एकाचं स्पेलिंग चुकलं.
पेन उघडून विचारलं, नक्की कुठलं?
दोघंही अंगणातल्या माडाकडे बघत राहिली.

मग त्याने माझ्या वहीमागे नकाशा काढला,
तिने त्यावरच आज्याची संत्र्याची बाग.
रेघ कुठून जाते यावर आवाज चढले.
भाषा कळेना, सूर ओळखीचा:
बाबा आणि चुलता असेच भांडायचे,
मेरेवरच्या फणसापायी.
साहेबांनी मोजणी केली, साखळी मी धरली.
खोड चुलत्याचं निघालं, सावली आमची.
एक-चौदाचा उतारा घेऊन
दोघं हरल्यासारखे घरी गेले.

पण फणसाखाली कुणी मेलं नव्हतं.
म्हणून ही गोष्ट त्यांना सांगितली नाही.

रात्री वीज गेली. मेणबत्ती एकच,
इतायच्या खोलीत.
तो ती घेऊन तिच्या दारात उभा.
ती ये म्हणेना, तो जाईना.
उंबऱ्यावर मेण सांडत राहिलं.

सकाळी फॉर्म धाडले,
रकान्यात होतं तसंच ठेवून.

मेण अजून आहे.
सुरीने खरवडलं
तर लाकूडच निघतं.